न पोचवलेला निरोप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, गावातल्या बायकांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. एवढं लांब मी आयुष्यात कधी लिहिलं नाही. मध्येच अडखळले तर थांबा जरा. मीही थांबत थांबतच लिहिते आहे.

मी खोटं बोलणारी बाई नाही — हे वाक्य लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. पण राहू दे. गावात माझी तीच ओळख आहे. तोंडाने फटकळ, पण बोलेल ते खरं. आणि म्हणूनच माझं खोटं खपलं ना? रोज थापा मारणारीचं कोण ऐकतं?

भिवंडीच्या बाहेर आमच्या गावाच्या शेतांवर गोदामं उठली, तेव्हा दिरांनी जमिनी विकून बंगले बांधले. माझ्या वाटणीला रस्त्याकडेची एक चिंचोळी पट्टी आली. तिच्यावर ताडपत्री बांधून मी जेवण रांधायला लागले. पुढे पत्रे आले, मग पक्की खोली. आज तीच माझी खानावळ. भाकरी, भात, डाळ, एक भाजी हे महिन्याच्या पैशात. मासा वरचा, त्याचे पैसे त्या त्या दिवशी रोख. हमाल, ड्रायव्हर, ऑफिसातली मुलं-मुली सगळे एकाच बाकड्यावर बसतात.

वीस-पंचवीस वर्षं ताटं वाढली की माणूस कळतो. पगार झाला की पहिल्या आठवड्यात सगळेच सुरमई खातात. त्यावरून काही समजत नाही. महिना सरत आला की कोण काय मागतो ते बघायचं. जो तेव्हाही मासा मागतो त्याच्या हातात काही उरतं. जो मान खाली घालून डाळ-भात जेवतो त्याचं काही उरत नाही, मग तो कितीही मोठं नाव सांगू दे.

गावात हे सगळ्यांना ठाऊक झालं. लग्न जमवायच्या आधी लोक मला विचारायला येतात, अमक्या गोदामातला मुलगा तुझ्याकडे जेवतो ना, कसा आहे. अंबाडीहून एक मुलीचा बाप आला होता. मी म्हटलं, महिनाअखेरीला पण पापलेट खातो, पण पैसे रोज शेजारच्याला द्यायला लावतो. लग्न मोडलं. मुलाकडचे भांडायला आले, जेवून गेले. पैसे तेव्हाही शेजारच्यानेच दिले.

तर अशी माझी पत. आता रोशनीचं सांगते.

रोशनी माझी नात, माझ्या एकुलत्या मुलाची मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिची आई घर सोडून गेली आणि तिने दुसरं लग्न केलं. मी तिला दोष देत नाही. माझा मुलगा तेव्हा फार प्यायचा. आता सुटली आहे त्याची, टेम्पो चालवतो, नीट वागतो. पण पोर वाढली ती माझ्याजवळ. झोपताना माझ्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायची. झोप लागली तरी सुटायचं नाही. मला कूस बदलायची असली तर आधी तो पदर हळूच सोडवावा लागायचा. कितीतरी वेळा मी कूस बदललीच नाही.

आमच्या दारावरून कंटेनर जायचे. लहानपणी ती विचारायची, आजी, हा कुठे जातो? मी सांगायची, न्हावाशेव्याला. मग पुढे? पुढे बोटीत. मग पुढे? पुढचं मला कुठे माहीत होतं? मी म्हणायची, जेव आता.

त्या पुढचंच शिकायचं तिच्या मनात आलं. बी.कॉम. झाल्यावर म्हणाली, आंतरराष्ट्रीय व्यापाराची पदवी घ्यायची आहे, परदेशात. एका देशाचा माल दुसऱ्या देशात कसा विकतात, त्याचे कागद, त्याचे कर, त्याची जहाजं, हे सगळं शिकवतात म्हणे. आयर्लंडमधल्या एका कॉलेजात तिला जागाही मिळाली. खर्च पंचवीस लाखांचा. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण तारण हवं होतं. तारण म्हणजे माझी खानावळ. ती माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागणार होती. मुलगा म्हणाला, आई म्हणेल तसं.

रोशनी उड्या मारणारी मुलगी नाही. तांदळाच्या पोत्यावर बसून तिने मला फोनवर हिशेब दाखवला. कर्ज एवढं, व्याज एवढं. शिकून इकडे परत येऊन नोकरी लागली की दर महिन्याला पस्तीस हजारांच्या आसपास हप्ता, तोही दहा वर्षं. पगारातून हप्ता गेला, भाडं गेलं, खाणं गेलं, की मागे काय राहतं? राहत असेल तर जायचं. नसेल तर बाबांच्या आणि तुझ्या गळ्यात धोंडा बांधून मी जाणार नाही, म्हणाली. ठाण्याच्या एजंटने तिला एक पगार सांगितला होता. तो तिने हिशेबात धरलाच नव्हता.

“तो आकडा त्याचा आहे, आजी. त्याला कमिशन मिळतं. मला खरा पाहिजे.”

मला किती बरं वाटलं ते ऐकून. वाटलं, माझ्या हाताखाली वाढलेली आहे, फसणार नाही.

खरा आकडा कुठून आणायचा? तेच शिक्षण घेतलेली एक बाई माझ्याच बाकड्यावर रोज दुपारी जेवत होती. दीपाली मॅडम. साताऱ्याकडची. ती तिकडे शिकली, तिथेच थोडी वर्षं नोकरी केली, मग वडील आजारी पडले म्हणून परत आली. समोरच्या मोठ्या गोदामातून बाहेरच्या देशात जाणारा माल ती बघायची. रोशनीने तिला एकदा विचारून पाहिलं होतं. पण बाकड्यावर चार माणसं होती. पगाराचं कोण बोलतं चारचौघांत? “ज्याच्या त्याच्यावर असतं गं,” एवढंच ती म्हणाली.

तेव्हा रोशनी माझ्याकडे आली. म्हणाली, आजी, तू लोकांच्या जावयांचं बघतेस. माझ्यासाठी मॅडमचं बघ.

मी बघितलं. महिना सरत आला आणि दीपाली मॅडम डाळ-भातावर आली. मासा नाही, अंडंसुद्धा नाही. मी रोशनीला आहे तसं सांगितलं. तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं — हे मला लिहू द्या, कारण पुढे असं लिहायला काही राहणार नाही. रोशनीचा चेहरा उतरला. म्हणाली, अजून एक महिना बघू या का? फी भरायची तारीख त्याच्या पुढे आहे.

दुसरा महिना. पुन्हा डाळ-भात.

इथे माझा हात थांबतो. चहा करून प्यायले, परत बसले.

मला राहवलं नाही. दुपारी सगळे जेवून गेले होते, मॅडम टाकीवर हात धूत होती. मी सरळ विचारलं, एवढं शिकलीस, परदेश बघून आलीस, आणि महिनाअखेरीला डाळ-भात का खातेस? ती हसली. म्हणाली, मावशी, तुमचं सगळ्यांच्या ताटावर लक्ष असतं का? मग ओढणीला हात पुसत माझ्याजवळ बाकड्यावर बसली आणि सांगायला लागली. बँक एक हप्ता मागते, ती दोन देते. कोणी सांगितलं नाही, स्वतःच्या मनाने. पगार झाल्या झाल्या देऊन टाकते, म्हणजे मोह नको. म्हणून महिना सरताना हात आखडता. दसऱ्यापर्यंत कर्ज फेडून मोकळं व्हायचं ठरवलं होतं तिने.

पगार किती तेही तिने सांगितलं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही, तो तिचा आहे. पण रोशनीच्या हिशेबात तो मी तिथेच, बसल्या जागी बसवला. चौथी शिकलेल्या बाईला एवढी वजाबाकी येते. हप्ता गेला, भाडं गेलं, खाणं गेलं — आणि उरत होतं. चांगलं उरत होतं.

उठता उठता ती म्हणाली,

“मावशी, त्या दिवशी रोशनीशी नीट बोलता आलं नाही मला. तिला सांगा, जा म्हणावं. पहिलं वर्ष जड जातं, रडू येतं, पण जमतं. आणि मला फोन कर म्हणावं, सगळे आकडे देते.”

हो, सांगते, म्हटलं मी.

संध्याकाळी रोशनी आली. मी जेवायला बसले होते. आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, क्षुल्लक आहे, पण तीच खरी आहे. मला लांबचं अजून स्वच्छ दिसतं. बाकड्याच्या त्या टोकाला बसलेल्याने काय खाल्लं ते इथून सांगेन. जवळचं दिसत नाही. माशातला काटा दिसत नाही. एकदा घशात अडकला होता, तेव्हापासून माझ्या ताटातला मासा रोशनी सोडवते. समोर बसते, बोटांनी एकेक काटा काढते, मऊ मऊ भाग माझ्या भाताच्या कडेला ठेवते. काढलेले काटे स्वतःच्या ताटात ठेवते, चुकून परत माझ्या घासात यायला नकोत म्हणून. मला जगात कोणी असं जेवू घातलेलं नाही. आईनेही नाही. आम्ही सात भावंडं, आईला वेळ कुठला?

त्या संध्याकाळीही ती बांगडा सोडवत होती. मान खाली. विचारलं, आजी, बघितलंस का?

मी म्हटलं, “डाळच खाते ती.”

हे खोटं होतं का? नव्हतं. डाळच खात होती. मी इथे थांबले असते तरी — पण रोशनी हिशेब पुरा केल्याशिवाय सोडणारी नाही. तिने वर बघितलं आणि विचारलं,

“म्हणजे तिच्या हातात काहीच उरत नाही?”

काय काय आलं माझ्या मनात? तिथे थंडी असेल. तिथला कोणी तरी मुलगा तिला आवडेल. ती एक-दोन वर्षांचं बोलते आहे, पण जो कंटेनर बोटीत चढतो तो परत आमच्या दारावरून जाताना मी कधी बघितलेला नाही. आणि ताटाकडे बघितलं — ते मऊ मऊ काढून ठेवलेलं. उद्या हे कोण करणार?

“न्हाय उरत, पोरी.”

झालं. एवढंच. दोन शब्दांत झालं ते. निरोप मी सांगितलाच नाही.

तिने मासा सोडवून संपवला, हात धुतले, मग फोन काढला आणि तो हिशेब पुसून टाकला. मी बघत होते. रडली नाही. माझ्या खांद्याला डोकं टेकलं आणि म्हणाली, बरं झालं तू बघितलंस. नाही तर मी उगाच तुझी खानावळ घालवली असती. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता, स्कूटीवरून आली होती ना. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हात आज लिहितो आहे.

लोकांना वाटलं, म्हातारीने खोली वाचवली. मुलगाही तसंच समजतो. समजू दे. खोलीचं भय मला नव्हतं. ताडपत्रीखाली जेवण रांधलेली बाई मी, परत ताडपत्री बांधली असती. आणि कर्जाने पोर दबेल म्हणून मी बोलले, असंही मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण मला हिशेब कळला होता. तो मी केला होता. मग?

फी भरायची तारीख गेली. पावसाळा गेला. दसऱ्याला दीपाली मॅडम पेढे घेऊन आली. फिटलं, मावशी, म्हणाली. मग इकडे तिकडे बघत विचारलं, रोशनी गेली ना? तिचा फोन काही आला नाही. मी म्हटलं, तिचं मनच नव्हतं गं. हे दुसरं खोटं. ते बोलायला तर काहीच जड गेलं नाही. पेढ्यांचा बॉक्स मी रोशनी यायच्या आत हमालांना वाटून टाकला. एक जण म्हणाला, मौसी, किसकी शादी है? मी म्हटलं, खाओ चुपचाप. पुढे मॅडमची बदली झाली, चेन्नईला गेली.

रोशनी आता समोरच्या त्याच गोदामात डिस्पॅचला आहे. शिफ्ट कधी सकाळची, कधी दुपारची. गाडी भरली की कागद करते, सही करते, गाडी सुटते. पुढचं दुसरं कोणी तरी बघतं. पगार बरा आहे. हसून खेळून असते. तुम्ही म्हणाल, मग वाईट काय झालं? मीही म्हणायची. पण अधूनमधून ती काम संपवून खानावळीच्या दारात उभी राहते, आणि गाडी नाक्यावर वळेपर्यंत बघत राहते. मी हाक मारत नाही तेव्हा.

एवढं सगळं पोटात घालून मी मेलेही असते. आता का लिहिते? सांगते.

गेल्या रविवारी दिघाशीची एक मुलगी आली. रोशनीच्या ऑफिसातल्या कोणाची तरी बहीण. बाप वीटभट्टीवर कामाला जातो, आई शेतात. मुलगी हुशार, तिला तसंच शिक्षण घ्यायचं आहे, तिकडेच. जागा मिळाली आहे. तारणाला मामा घर द्यायला तयार आहे. पण तिला भीती वाटते, फिटेल का? कोणी तरी म्हणालं, रोशनीताईला विचार, तिने सगळा हिशेब केला होता.

रोशनीने तिला बसवलं, सरबत दिलं. किती प्रेमाने बोलत होती. तिचा फोन घेऊन सगळं मांडून दाखवलं, कर्ज, व्याज, हप्ता, भाडं. मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. शेवटी ती मुलगी म्हणाली, ताई, तुम्ही का नाही गेलात?

आणि रोशनी म्हणाली, “हातात काही उरत नाही गं. माझ्या आजीने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय.”

दोघींनी माझ्याकडे बघितलं. रोशनीच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता. आपली आजी खरं बोलते, याचा अभिमान. माझ्या हातात पीठ होतं, तोंड मोकळं होतं. मी बोलू शकत होते. मी मान हलवली. हो म्हणून.

मुलगी निघताना माझ्या पाया पडली. मी पडू दिलं. रोशनी तिला बसपर्यंत सोडून आली आणि म्हणाली, बिचारी, वाचली.

त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. पोर विचारते, आजी, बरं नाही का? ताटातला मासा आधीसारखाच सोडवून ठेवते, मी तो तसाच ठेवते. माझ्या एका खोट्याने मी एक आयुष्य थांबवलं होतं. आता ते खोटं रोशनीच्या तोंडून, तिच्या चांगुलपणातून चाललं आहे, आणि तिला ठाऊकसुद्धा नाही. हे मी तिच्याकडून करवलं.

मी तिला फार जीव लावला, हे खरं आहे. पण ते मी कारण म्हणून सांगत नाही. जीव लावणारे पुष्कळ असतात, ते पोरांना एसटीत बसवून येतात.

रोशनीची उद्या सकाळची ड्युटी आहे. ती निघायच्या आत हे कागद मी तिच्या हातात देणार. समोर बसून वाचून दाखवायचं बळ माझ्यात नाही, ती स्वतः वाचेल. काय म्हणायचं, माझ्याशी बोलायचं की नाही, ते तिचं.

दिघाशीच्या मुलीचा नंबर तिच्या फोनमध्ये आहे. त्या मुलीची फी भरायची तारीख अजून गेलेली नाही. रोशनीची गेली.